धूर, पूर आणि पिवळा दिवा

कार्यावरून कारणाकडे जाताना माणसाची बुद्धी नेमकी कुठे घसरते, हा न्यायदर्शनाचा फार जुना प्रश्न आहे. डोंगरवाटांवर चालणाऱ्या चारचाकीच्या डॅशबोर्डवर पार्किंग ब्रेकचा पिवळा दिवा लागतो आणि विझायचे नाव घेत नाही, तेव्हा तोच प्रश्न गॅरेजच्या दारात येऊन उभा राहतो. या प्रश्नाचा विचार नाशिकच्या संदर्भात करण्याला दुहेरी औचित्य आहे. जीपच्या वंशातली थार ही गाडी याच शहरात तयार होते, आणि न्यायसूत्रांचे कर्ते मानले जाणारे अक्षपाद गौतम म्हणजे नाशिकजवळच्या त्र्यंबकचे गौतम ऋषीच, अशी परंपरेची समजूत आहे. ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर सिद्ध होत नाही, पण ती निरर्थकही नाही, हे पुढे दिसेल.

2020 च्या थारमध्ये हाताने ओढायचा हँडब्रेक होता, तर 2024 मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्सच्या वरच्या श्रेणींत त्याची जागा एका बटणाने घेतली. जुन्या रचनेत तरफ, तार आणि मागच्या चाकातली घर्षणपट्टी यांचा संबंध थेट होता; तार सैल झाली तर ती हाताला कळत असे. नव्या रचनेत बटण फक्त इच्छा कळवते. ती इच्छा कंट्रोल युनिट, म्हणजे वाहनातला निर्णय घेणारा छोटा संगणक, वाचतो. मग तो मागच्या कॅलिपरवर बसवलेल्या मोटरला वीज देतो, मोटर दातेरी चाकांतून एक आट्यांचा दांडा फिरवते आणि तो दांडा पिस्टनला पुढे रेटून पॅड डिस्कवर आवळतो. आट्यांची ठेवण अशी असते की वीज गेली तरी दांडा आपोआप मागे फिरत नाही, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली तरी आवळलेला ब्रेक आवळलेलाच राहतो. इच्छा आणि कृती यांच्यामध्ये अशा चार-पाच पायऱ्या आल्या की दोषाला लपायला तेवढ्याच जागा मिळतात.

न्यायशास्त्रात ज्या खुणेवरून अनुमान केले जाते तिला लिंग म्हणतात, आणि खूण व खुणेने दर्शवलेली वस्तू यांच्या अटळ साहचर्याला व्याप्ती म्हणतात; धुरावरून अग्नीचे अनुमान हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. पिवळा दिवा लागलेला पाहून 'मोटर गेली' असे म्हणणारा मालक व्याप्ती गृहीत धरतो, पण ती त्याने तपासलेली नसते. दिव्याची खरी व्याप्ती मोटरच्या बिघाडाशी नसून, कंट्रोल युनिटला अपेक्षित मूल्य मिळाले नाही एवढ्याच घटनेशी आहे. ते मूल्य मोटर जळल्याने मिळत नाही, तसेच बॅटरी अशक्त झाल्याने, चाकामागच्या सॉकेटमध्ये पाणी शिरल्याने किंवा वायर घासून तुटल्यानेही मिळत नाही. अनेक कारणांशी सारखाच नांदणारा हेतू तो सव्यभिचार, आणि न्यायसूत्रांनी तो हेत्वाभासांत, म्हणजे हेतूसारख्या दिसणाऱ्या फसव्या हेतूंत, गणला आहे.

न्यायसूत्रांतच अनुमानावर एक आक्षेप आहे, आणि तो नाशिककराला विशेष जवळचा वाटावा. नदी फुगलेली पाहून वर पाऊस झाला असे अनुमान करावे, तर नदी बांधानेही फुगते, मग हे अनुमान खरे कसे मानायचे? गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला, गळ्याला लागले की शहर पुराची मोजदाद करते. पण शहरात ऊन पडलेले असतानाही गंगापूर धरणाच्या विसर्गाने रामकुंड बुडू शकते, हे इथल्या पोराटोरांना ठाऊक असते. आक्षेपाला दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. नुसते फुगलेपण हे लिंगच नव्हे. वेग, फेस, वाहून येणारी पाने आणि लाकडे यांच्यासह आलेले फुगलेपण हे लिंग आहे. म्हणजे चूक अनुमानाची नाही, अर्धवट पाहणाऱ्याची आहे.

कसलेला मेकॅनिक हेच करतो, मग त्याला न्यायसूत्रांचे नाव माहीत असो वा नसो. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना पुढून-मागून दगड लावून तो आधी बॅटरी मोजतो: इंजिन बंद असताना चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि स्टार्टर फिरताना आकडा फार कोसळत असेल तर पुढचा सगळा विचार थांबवावा लागतो. मग तो बटण दाबायला लावून मागच्या चाकांपाशी कान लावतो. उजवीकडे मोटरची बारीक घरघर येते आणि डावीकडे शांतता असते, तेव्हा तो डाव्या सॉकेटवर मीटर धरतो. वीज येत असून मोटर फिरत नसेल तर दोष मोटरपाशी, वीजच येत नसेल तर वायरीत किंवा त्याआधी. जे असता कार्य होते आणि जे नसता होत नाही ते कारण, या अन्वय-व्यतिरेकाच्या रीतीचे याहून स्वच्छ उदाहरण पाठशाळेतही मिळणे कठीण. इगतपुरीच्या पावसात ओहोळ ओलांडलेल्या गाडीचे सॉकेट उघडले की पितळी पिनांवर हिरवट थर दिसतो, आणि तो खरवडला की पुष्कळदा अनुमानाची गरजच उरत नाही.

पुढच्या नैयायिकांनी या विचाराला उपाधीची जोड दिली. धूर असेल तिथे अग्नी असतो, पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असे नाही. त्यासाठी इंधन ओले असावे लागते, आणि ही मध्ये लपलेली अट म्हणजे उपाधी. बटण दाबूनही ब्रेक सुटत नाही, याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की पाय ब्रेकच्या पेडलवर नाही. आणि गाडी पुढे नेताना तो आपोआप सुटत नाही, तेव्हा सीटबेल्ट लावलेला नसतो किंवा दार नीट बंद नसते. अट पूर्ण नसताना यंत्राने दिलेला नकार हा बिघाड नव्हे.

स्कॅनरने वाचलेला दोष-संकेतांक हे शब्दप्रमाण म्हणावे, कारण तो यंत्राने स्वतःविषयी दिलेला जबाब आहे. मात्र आप्त, म्हणजे विश्वासार्ह वक्ता, आपल्याला दिसले तेवढेच सांगतो, आणि संकेतांक दोषाचा पत्ता सांगतो, दोषी सांगत नाही. तो नुसता पुसून दिवा विझवणे ही मात्र गॅरेजमधली सर्वांत वाईट सवय आहे. खूण नाहीशी झाल्याने खुणेने दर्शवलेली वस्तू नाहीशी होत नाही, आणि सप्तशृंगीच्या घाटात तीच वस्तू पुन्हा समोर येते, तेही उतारावर.

इथे गौतमांची कथा आठवावी लागते. शिवपुराणानुसार त्यांच्या शेतात शिरलेल्या दुबळ्या गाईला त्यांनी गवताच्या काडीने हाकलले, गाय कोसळली आणि गोहत्येचा ठपका त्यांच्यावर आला. काडी लागली, गाय पडली, म्हणून काडीने गाय मेली: आधी घडले म्हणून कारण ठरवणारे हे अनुमान काकतालीय आहे, म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी तसे. गाय मुळात मायावी होती, मत्सरी सोबत्यांच्या प्रार्थनेवरून पाठवलेली. ज्यांच्या नावावर प्रमाणशास्त्र आहे, त्यांनीच हा ठपका तपासल्याविना स्वीकारून प्रायश्चित्त घेतले, ही विसंगती परंपरेने जपून ठेवली आहे. शंकर प्रसन्न झाल्यावर गौतमांना कळते की ते निर्दोषच होते. तरीही ते शंकराकडे गंगा मागतात. ब्रह्मगिरीवर उतरलेली ती धारा पुन्हा पुन्हा लुप्त होऊ लागली, तेव्हा त्यांनी तिच्याभोवती कुश गवताचा फेर घालून तिला थांबवले, आणि त्या जागेला कुशावर्त हे नाव पडले.