पानाची जाळी दिसते, आजी दिसत नाही

ये, बस इथं. हा फोटो मोठा कर. अजून मोठा कर. आजीच्या खांद्यामागं सागाचं पान आहे, बघ. किडीनं खाऊन त्याची चाळण केलीय. त्या चाळणीचं भोक न् भोक मोजता येतं. आता आजीच्या चेहऱ्यावर ये. डोळे कुठं आहेत? कुंकू कुठं आहे? मेळघाटात, सेमाडोहला सिपना नदीच्या काठी तीन पिढ्या एकत्र बसवल्यास आणि घेऊन काय आलास, तर एका पानाचा फोटो!

"सर, ऊन मागून होतं."

काहून रे पोट्ट्या, ते ऊन काय लपून आलं होतं? पाणी चमकावं, केसांना सोनेरी कड यावी म्हणून तूच त्यांना सूर्याकडं पाठ करून बसवलंस. त्यात चूक नाही. तोंडावर ऊन असतं तर सगळ्यांनी डोळे बारीक केले असते. पण ऊन पाठीवर घेतलं की चेहऱ्यावर उजेड आणायचं काम आपलं. ते कुणाच्या गळ्यात मारतोस?

कॅमेऱ्याला आजी कळत नाही, उजेड कळतो. चकाकतं पाणी आणि पांढरं आभाळ दिसलं की तो सगळंच अंधारून टाकतो. हे तुला ठाऊक नाही? परीक्षेत दोन पानं लिहिली होतीस. मग चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग का नाही घेतलंस? एक्स्पोजर दीड स्टॉप वर का नाही नेलंस? आभाळ जळलं असतं थोडं. जळू द्यायचं. आभाळाचा फोटो काढायला त्यांनी तुला बोलावलं नव्हतं.

आता आकडे बघ, ते खोटं बोलत नाहीत. ८५ची लेन्स, अ‍ॅपर्चर १.८, शटर १/४०००, आयएसओ १००. उधळलेलं हरीण थांबवणारं शटर बसलेल्या म्हातारीला कशाला? चार मीटरवरून १.८ ला जेमतेम वीतभर खोली स्पष्ट येते. तू माणसं बसवलीस दोन रांगांत. त्यात फोकसचा ठिपका कॅमेऱ्यावर सोडलास. त्यानं सगळ्यात उठून दिसणारी वस्तू धरली, ते पान. ठिपका आजीच्या डोळ्यावर ठेवायला किती वेळ लागतो? ५.६ केलं असतंस तर पाऊण मीटर खोली मिळाली असती आणि शटर १/४०० उरलं असतं. चेहऱ्यासाठी दीड स्टॉप दिला असतास तरी १/१५० च्या आसपास. आयएसओ २०० केला की १/३००. हा हिशेब तुला तोंडपाठ आहे. त्याचाच मला राग आहे.

"फ्लॅश चालत नव्हता." चालेल कसा? १/४००० ला साधा फ्लॅश जुळत नाही. शटर १/२०० वर आण, हलका फ्लॅश मार, चेहरा उजळतो. आणि फ्लॅश नसला तरी काय अडलं होतं? त्यांच्या घरात पांढरी चादर नव्हती? दोन पोरांनी समोर ताणून धरली असती, तर पाठीमागचंच ऊन उलटून तोंडावर आलं असतं.

चित्र असं दुधाळ का, तेही सांगतो. घाटातली धूळ लेन्सवर तशीच आहे. हूड बॅगेत राहिलं. दोन पावलं सरकून सूर्य सागाच्या खोडाआड घेतला नाहीस.

"कॅमेरा जुना आहे." त्यांच्या नातवानं मोबाइलवर आजीच्या चेहऱ्याला बोट लावलं, सूर्याचं चिन्ह वर सरकवलं आणि फोटो काढला. त्यात आजी हसताना दिसते. आता बोल कॅमेऱ्याबद्दल.

"एडिटिंगमध्ये काढतो." काळा चेहरा ओढून वर काढशील, दाणे येतील. पण पानावर बसलेला फोकस आजीच्या डोळ्यात कसा नेशील?

मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. अंधार पडेपर्यंत नदीकाठी म्हातारं माणूस बसवून ठेवता येत नाही. तुझ्या हाती अर्धा तास होता. त्यातली वीस मिनिटं तू स्वतःची रील काढत होतास. आजी तेवढा वेळ दगडावर बसून होती, पदर सारखा करत.

तिचा याआधीचा फोटो आधार कार्डावरचा आहे. भिंतीवर लावायचा असा हा पहिलाच.

रविवारी परत जा. आधी माफी माग. पैसे घेऊ नकोस. चादर घेऊन जा, लेन्स पुसून जा, आणि पहिला ठिपका तिच्या डोळ्यावर ठेव.