‘आशा होती’ आणि ‘आशा आहे’



पास्काकाळाच्या या तिसऱ्या रविवारी आपण अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांची कथा ऐकली (लूक २४:१३-३५). यरुशलेमपासून अम्माऊस हे गाव सुमारे अकरा किलोमीटर दूर होते. आपल्या हिशोबाने सांगायचे तर वसई रोड स्टेशनहून रुळाच्या कडेने विरारपर्यंत चालायचे आणि वर आणखी तीन किलोमीटर. एवढी वाट ते दोघे मान खाली घालून चालत होते. त्यांच्यापैकी एकाचे नाव क्लयपा होते. दुसऱ्याचे नाव लूक सांगत नाही. त्या रिकाम्या जागी आपण प्रत्येकाने आपले नाव घालून पाहायला हरकत नाही!

वाटेत एक अनोळखी माणूस त्यांना गाठतो आणि विचारतो, कशाबद्दल बोलता आहात? ते थांबतात. नासरेथकर येशूचे काय झाले ते सांगतात आणि मग मनातले खरे दुःख बोलून दाखवतात. हाच इस्राएलला सोडवील अशी आम्हाला आशा होती, असे ते म्हणतात.

‘होती’. व्याकरणात हा साधा भूतकाळ आहे. पण माणसाच्या तोंडी आशेबरोबर भूतकाळ आला की समजावे, आत काहीतरी मेले आहे. हा शब्द आपण आपल्याच घरांतून किती वेळा ऐकतो! मुलगा शिकून हाताशी येईल अशी आशा होती. ऑपरेशननंतर आई उठून बसेल अशी आशा होती. भाऊ एकदा तरी दारात येईल अशी आशा होती.

ईस्टरनंतर घरे आशीर्वादित करण्यासाठी आम्ही निघालो असता एका घरी जरा जास्त वेळ थांबलो. त्या घरातील तरुणाला परदेशी नोकरी लावून देतो म्हणून कुणी एजंटाने मोठी रक्कम घेतली होती. आईचे दागिने गहाण पडले, पतपेढीचे कर्ज झाले आणि एके दिवशी एजंटाचा फोन लागेनासा झाला. मुलगा खोलीतून बाहेर यायला तयार नव्हता. मिस्साला येणे त्याने कधीच सोडले होते. आई चहाचा कप हातात देत म्हणाली, “फादर, लई आशा होती हो.” बाप इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, “पैसा जाईल, येईल, फादर. पण घरात कुणी कुणाशी बोलत नाही. शांती म्हणून राहिली नाही.”

सेमिनरीत आम्ही काही वर्षे तत्त्वज्ञान शिकलो. आशा या विषयावर आम्ही परीक्षेत पानेच्या पाने लिहिली आहेत. पण त्या स्वयंपाकघरात त्यातले एकही वाक्य तोंडातून बाहेर येईना. घरी परतल्यावर मात्र जुन्या वह्या उघडून पाहाव्याशा वाटल्या.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस आशेची चार लक्षणे सांगतात. आपण ज्याची आशा धरतो ते चांगले असते, ते अजून मिळालेले नसते, ते मिळणे कठीण असते आणि तरीही ते शक्य असते. उद्या सूर्य उगवेल अशी आशा कुणी धरत नाही, कारण त्यात कठीण असे काही नाही. गेलेले बालपण परत येईल अशीही आशा कुणी धरत नाही, कारण ते शक्य नाही. कठीण आणि शक्य या दोन शब्दांच्या मधोमध आशा उभी असते.

म्हणूनच आशेला दोन शत्रू आहेत. पहिला शत्रू निराशा. ती ‘शक्य’ हा शब्द खोडून टाकते. आता काही होणार नाही, देवालाही काही करता येणार नाही, असे ती आपल्या कानात सांगत राहते. दुसरा शत्रू सहसा आपल्या लक्षात येत नाही. तो म्हणजे फाजील भरवसा. तो ‘कठीण’ हा शब्द खोडतो. नोव्हेना पुरा केला, नऊ शुक्रवार पाळले, मेणबत्त्या लावल्या, म्हणजे आता व्हिसा मिळालाच पाहिजे, परीक्षेत पास झालेच पाहिजे! बंधुभगिनींनो, प्रार्थना करणे उत्तम आहे, मागणेही उत्तम आहे. मागा असे खुद्द प्रभूनेच सांगितले आहे. परंतु प्रभू हा आपला एजंट नव्हे. आपण रक्कम भरायची आणि त्याने काम करून द्यायचे असा व्यवहार आपण त्याच्याशी मांडला, तर काम न झाल्याच्या दिवशी आपली श्रद्धाही त्या तरुणाच्या पैशांसारखी बुडते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. काही जणांची निराशा हा मनाचा आजार असतो. झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगू नये असे वाटते. अशा माणसाला ‘तुझी श्रद्धा कमी पडते’ असे कृपा करून कुणी म्हणू नये. मधुमेहाला डॉक्टर लागतो तसा यालाही लागतो. प्रार्थना आणि औषध यांचे एकमेकांशी भांडण नाही.

आता त्या वाटेवर प्रभूने काय केले ते पाहू. त्याने आधी स्वतःची ओळख सांगितली नाही. तो त्यांच्या चालीने चालला. तेही यरुशलेमच्या उलट दिशेने, म्हणजे ते जिकडे चुकून निघाले होते तिकडे! त्याने विचारले आणि ऐकून घेतले. नंतर मोशेपासून सर्व संदेष्ट्यांचे लेखन त्यांना उलगडून सांगितले. संध्याकाळ झाली तेव्हा त्यांच्या आग्रहाखातर तो घरात गेला, जेवायला बसला, त्याने भाकर घेतली, आशीर्वाद दिला आणि ती मोडून त्यांना दिली. तेव्हा त्यांचे डोळे उघडले.

वचन ऐकणे आणि भाकर मोडणे. आपल्या प्रत्येक रविवारच्या मिस्साचे हेच दोन भाग आहेत. म्हणजे अम्माऊसची वाट आपल्या चर्चच्या दारातूनच जाते!

आणि लक्षात घ्या, त्यांची बाहेरची परिस्थिती तसूभरही बदलली नव्हती. यरुशलेमात रोमन सैन्य होतेच. पिलातही खुर्चीवर होताच. त्यांनी ज्या सुटकेची वाट पाहिली होती ती आली नव्हती. तरीही भूतकाळातली आशा वर्तमानकाळात आली, कारण ती आता एखादी गोष्ट घडण्यावर अवलंबून राहिली नव्हती. ज्याला मरण धरून ठेवू शकले नाही त्या प्रभूवर ती टेकली होती.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ३० नोव्हेंबर २००७ रोजी आशेवर एक परिपत्रक लिहिले. त्याच्या सुरुवातीलाच त्यांनी एका आफ्रिकन बाईची कहाणी सांगितली आहे. जोसेफिन बखिता हिचा जन्म १८६९च्या सुमारास सुदानमधील दारफुर भागात झाला. नऊ वर्षांची असताना तिला पळवून नेण्यात आले. भीतीने ती स्वतःचे नावही विसरली. पळवणाऱ्यांनी तिला ‘बखिता’ म्हणजे ‘भाग्यवान’ असे नाव ठेवले, केवढी ही थट्टा! गुलामांच्या बाजारात ती पाच वेळा विकली गेली. मारहाणीचे आणि कापण्याचे १४४ व्रण तिच्या अंगावर आयुष्यभर राहिले. १८८२ मध्ये एका इटालियन वकिलातीच्या अधिकाऱ्यासाठी तिला विकत घेण्यात आले आणि त्यानंतर तिची मारहाण थांबली. पुढे ती इटलीला गेली.

तेथे व्हेनिसमध्ये कनोसा धर्मभगिनींकडे तिला येशूची ओळख झाली. आजवर तिने मालकच पाहिले होते. आता तिला कळले की या सर्व मालकांच्या वर एक मालक आहे, त्याने स्वतः चाबकाचे फटके खाल्ले आहेत, आणि तो आपल्यावर प्रेम करतो, आपली वाट पाहतो. हीच तिची आशा. १८८९ मध्ये तिची मालकीण तिला परत सुदानला न्यायला निघाली तेव्हा बखिताने ठाम नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले आणि २९ नोव्हेंबर १८८९ रोजी ती स्वतंत्र असल्याचा निकाल लागला. ९ जानेवारी १८९० रोजी तिने बाप्तिस्मा घेतला. पुढे ती कनोसा संस्थेत धर्मभगिनी झाली आणि कॉन्व्हेंटच्या दारावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे स्वागत करीत तिने अनेक वर्षे काढली. मला पळवणारे भेटले तर मी गुडघे टेकून त्यांच्या हातांचे चुंबन घेईन, कारण तसे घडले नसते तर मी ख्रिस्ती झाले नसते, अशा अर्थाचे ती बोलत असे. ८ फेब्रुवारी १९४७ रोजी ती देवाघरी गेली. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत म्हणून घोषित केले.

या कहाणीतून दोन गोष्टी घेऊ या. एक, ख्रिस्ती आशा म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. बखिता ‘नाही’ म्हणाली, न्यायालयासमोर उभी राहिली. क्षमा करणे म्हणजे अन्याय निमूट सोसणे असा अर्थ कुणी लावू नये. ज्या भगिनीला घरात मार खावा लागतो तिने हे जरूर ध्यानात ठेवावे आणि मदत मागावी. दोन, तिचे व्रण गेले नाहीत. शांती आली ती व्रणांसकट आली.

पुनरुत्थित प्रभूचेही तसेच आहे. ते दोघे परत येऊन अकरा जणांना सर्व हकीकत सांगत असताना प्रभू मध्ये उभा राहिला. त्याचा पहिला शब्द होता शांती, आणि लगेच त्याने दाखवले ते आपले जखमी हात आणि पाय. ८ मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांची निवड झाली तेव्हा सज्जातून जगाशी बोलताना त्यांनीही सुरुवात पुनरुत्थित प्रभूच्या याच अभिवादनाने केली.

आपणही दर रविवारी एकमेकांना शांतीचे चिन्ह देतो. हात जोडतो, मान लववतो. पण ज्याच्याशी कंपाउंडच्या भिंतीवरून, बांधावरून, सातबाऱ्यावरच्या नावावरून कोर्टात तारखा चालू आहेत, तो भाऊ दोन बाके पुढे बसलेला असतो. त्याच्याकडे मात्र आपली मान वळत नाही. भाऊबंदकीत वाडीच्या चार गुंठ्यांसाठी आपण किती वर्षांची शांती विकली, याचा हिशोब कुणी केला आहे का? संत ऑगस्टीन शांतीचा संबंध सुव्यवस्थेशी जोडतात. जे ते आपल्या जागी असले की मन स्थिर होते. देव देवाच्या जागी, माणूस माणसाच्या जागी आणि जमीन जमिनीच्या जागी. जमीन देवाच्या जागी जाऊन बसली की घरातून शांती उठून जाते.

२०२५ हे आशेचे ज्युबिली वर्ष म्हणून जगभर साजरे झाले. पोप फ्रान्सिस यांनी ते सुरू केले, २१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, ते देवाघरी गेले आणि ६ जानेवारी २०२६ रोजी पोप लिओ यांनी संत पीटरच्या महामंदिराचे पवित्र द्वार बंद केले. ते द्वार आता पुढील ज्युबिलीलाच उघडेल. आपल्या घराचे दार मात्र आजही उघडता येईल.

म्हणून या आठवड्यासाठी तीन छोटी कामे सुचवावीशी वाटतात. पहिले, रोज रात्री टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवून सर्वांनी एकत्र बसून पाच मिनिटे तरी प्रार्थना करावी. दुसरे, ज्याची आशा ‘होती’ झाली आहे अशा एका माणसाकडे जावे. उपदेश करू नये, प्रभूने केले तसे विचारावे आणि ऐकावे. तिसरे, ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्याशी एक शब्द बोलावा. एकच पुरे.

त्या घरात आम्ही शेवटी एवढेच म्हणालो, “चला, रोझरी करू या.” आई, बाप आणि आम्ही गुडघे टेकले. दुसरे रहस्य चालू असताना खोलीचे दार किलकिले झाले. मुलगा उंबरठ्यावर येऊन बसला. चौथ्या रहस्याच्या वेळी आईचा आवाज दाटून आला आणि ती थांबली. क्षणभर सगळे गप्प. मग उंबरठ्यावरून त्याने पुढची प्रार्थना सुरू केली. पैसे परत आलेले नाहीत. कर्जाचे हप्ते चालूच आहेत. पण निघताना बापाने त्याला हाक मारली, “फादरांना गेटपर्यंत सोडून ये रे.” आणि तो आला.

ते दोघे शिष्य त्याच रात्री अंधारात अकरा किलोमीटर परत यरुशलेमला गेले. वाट तीच होती, थकवाही होताच. पण आता ते एकटे नव्हते.

हे पुनरुत्थित प्रभो, आमची आशा जेथे भूतकाळात जमा झाली आहे तेथे तू आमच्या चालीने चाल. आमचे ऐकून घे, आम्हाला तुझे वचन उलगडून सांग, आमच्या घरी जेवायला बस. दिवस कलला आहे, प्रभो, आमच्याजवळ राहा. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपले,
धर्मगुरू