नोव्हेंबरात पुरलेले कंद



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ तारखेला आपल्या कबरस्थानात मिस्सा झाली. कबरी फुलांनी सजल्या, मेणबत्त्या लागल्या, डोळे पाणावले. दोन दिवसांत फुले सुकली आणि आपण आपापल्या कामाला लागलो. नेमक्या याच दिवसांत जगाच्या दुसऱ्या टोकाला काही माणसे गुडघे टेकून मातीत काहीतरी पुरत असतात. आज त्यांच्याविषयी बोलावेसे वाटते.

अमेरिकेत शिकागोच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर लाईल नावाचे गाव आहे. तेथे १,७०० एकरांवर मॉर्टन आर्बोरिटम पसरले आहे. आर्बोरिटम म्हणजे वृक्षांची सार्वजनिक बाग. देशोदेशीची झाडे लावायची, प्रत्येकाला नावाची पाटी लावायची, त्यांचा अभ्यास करायचा आणि लोकांना ती पाहू द्यायची. ही बाग जॉय मॉर्टन यांनी १९२२ साली स्थापन केली. ते मिठाचे मोठे व्यापारी होते. नेब्रास्का राज्यात १८७२ साली वृक्षारोपणाचा 'आर्बर डे' सुरू करणारे जे. स्टर्लिंग मॉर्टन हे त्यांचे वडील. बाग सुरू झाली तेव्हा जॉय मॉर्टन ६७ वर्षांचे होते आणि १९३४ साली ते देवाघरी गेले. ओकसारखे झाड डेरेदार व्हायला किती वर्षे लागतात, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. तरीही त्यांनी बाग उभी केली. मिठागरांच्या शेजारी वाढलेल्या आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. प्रभूने आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली. मीठ विरघळून जाते आणि चव मागे ठेवते.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात आम्ही त्या भागातील एका धर्मग्रामात पाहुणे होतो. तेथील एक आजी रोजची मिस्सा आटोपली की खुरपे घेऊन बागकामाच्या सेवेला जात. हा ऋतू तिथे डॅफोडिल आणि ट्यूलिपचे कंद लावण्याचा. जमीन गोठण्यापूर्वी कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा करायचा, टोक वर ठेवून कंद आत ठेवायचा आणि माती लोटायची. वर काहीच दिसत नाही. पुढे बर्फ पडते. आम्ही आजींना विचारले, "कुठे काय लावले ते लक्षात कसे राहते?" त्या हसून म्हणाल्या, "लक्षात ठेवावे लागत नाही फादर, वसंतात ते स्वतःच सांगतात."

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. जे अजून झालेले नाही पण होऊ शकते, तेही एका अर्थाने अस्तित्वात असते, असे तो मांडतो. परीक्षेपुरते ते पाठ केले होते. कंदाने ते पटवले. शरदात पुरलेला कंद उभा चिरून पाहिला, तर पुढच्या वसंताचे इवलेसे फूल आत तयार असते. मात्र त्याला बारा ते सोळा आठवडे थंडी लागते. ती मिळाली नाही तर फूल नीट उमलत नाही. आपल्याकडे थंडीचे काम उन्हाळा करतो. कळलावी आणि रानहळद यांचे कंद तापलेल्या जमिनीत निजून असतात आणि पाऊस आला की वर येतात. गव्हाच्या दाण्याविषयी प्रभू येशू जे बोलला ते योहानाच्या शुभवर्तमानात आपण अनेकदा ऐकले आहे. कबरीवर माती लोटताना आपले हात थरथरतात. त्या मातीखाली देवाने काय राखून ठेवले आहे, हे आपल्याला दिसत नाही इतकेच.

आता थोडे आपल्याविषयी. गेल्या वर्षी जुलै महिन्यात आपण कबरस्थानाच्या भिंतीलगत चाळीस रोपे लावली. बॅनर होता, फोटो झाले, वडापाव झाला. आम्ही स्वतः पहिले रोप लावले आणि भाषणही केले. यंदा मे महिन्यात मोजली तेव्हा सात रोपे जिवंत होती. सातही एकाच कोपऱ्यात! चौकशी केली तेव्हा कळले की एक मावशी दर संध्याकाळी पतीच्या कबरीवरील कुंडीला बाटलीतून पाणी घालायला येतात. आम्ही त्यांचे आभार मानले. त्या संकोचून म्हणाल्या, "फादर, मी झाडांसाठी नव्हते येत. ह्यांच्यासाठी आणलेले पाणी उरायचे, ते घालायचे. बाकीच्यांपर्यंत पुरत नव्हते."

ते शेवटचे वाक्य आम्हांला अजून टोचते. तेहेतीस रोपे उन्हाने मेली असे आपण म्हणू शकतो. पण बावखल तिथून शंभर पावलांवर आहे. आम्हीही रोज त्या भिंतीजवळून जातो आणि आमच्याही हाती बाटली नव्हती.

आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. डॅफोडिल फुलून गेला की पाने पिवळी पडतात, विद्रूप दिसतात. तरी ती लगेच कापायची नाहीत. सुमारे सहा आठवडे ती उन्हातून अन्न तयार करून कंदात साठवतात आणि त्यावर पुढच्या वर्षीचे फूल येते. म्हणजे खरी सेवा फुले पाहणारे घरी गेल्यावर सुरू होते. संत पौलानेही करिंथच्या मंडळीला हेच समजावले होते. कोणी लावतो, अपुल्लोससारखा कोणी पाणी घालतो, वाढ मात्र देव देतो. आपल्यात लावणारे पुष्कळ आहेत. अपुल्लोस कमी पडतात.

म्हणून एक विनंती. येत्या रविवारी मिस्सानंतर मागच्या दाराशी एक वही ठेवलेली असेल. पावसाळा येईपर्यंत प्रत्येक आठवडा एका समूहाने पाण्यासाठी घ्यावा. पहिला आठवडा आमचा. एप्रिलमध्ये ज्यांच्या वाडीत निशिगंध आहे त्यांनी मूठभर कंद आणावेत. ते आपण त्या भिंतीलगत लावू. बॅनर नको, फोटो नको. ज्या कबरींवर येणारे कोणी उरलेले नाही, त्यांच्या बाजूने सुरुवात करू.

प्रभू आपल्या मृतांना चिरशांती देवो आणि आपल्या हाती पाण्याची एक बाटली देवो. आमेन.

आपले धर्मगुरू