तेरड्याचा रंग आणि छायाचित्राचा लोभ

ज्या कामांत लाभाची आशा नाहीं आणि न केल्यास कोणाचें भयही नाहीं, तें काम मनुष्य कसें करतो यावरून त्याच्या स्वभावाची जेवढी पारख होते, तेवढी त्याच्या धंद्यावरून क्वचितच होते. धंद्यांत पोटाची निकड असते, कर्तव्यांत लोकलज्जा असते; छंदांत मात्र मनुष्य आपल्या मूळ रूपानें प्रकट होतो. म्हणून छंद ही निव्वळ करमणुकीची बाब आहे असें समजून नीतिविचारानें तिच्याकडे डोळेझांक करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत फुलांचीं छायाचित्रें घेण्याचा छंद पुष्कळ पसरला आहे. पावसाळ्यांत पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीनें पेणला किंवा रोह्याला उतरावें, म्हणजे शेताच्या बांधाशीं गुडघे टेकून बसलेले असे एखाददुसरे गृहस्थ सहज दृष्टीस पडतात. 'आम्ही फूल तोडीत नाहीं, केवळ त्याची छाया घेतों,' असें ते म्हणतात, आणि या छंदाच्या निरुपद्रवीपणाबद्दल सहसा कोणास शंका येत नाहीं. आम्हांस ती येते. आणि ती या छंदाविषयीं अनादर असल्यामुळें नव्हे, तर आदर असल्यामुळेंच येते.

प्रश्न असा आहे कीं, जें सुंदर आहे पण टिकणारें नाहीं, तें आपल्यापाशीं राखून ठेवण्याची इच्छा कितपत उचित आहे? हा प्रश्न विचारण्यास पेण-रोह्यासारखी दुसरी जागा मिळणें कठीण. एका बाजूस धरमतरची खाडी, खाजणें आणि तिवरांचीं बनें, दुसऱ्या बाजूस सह्याद्रीचे फांटे, मध्यें भाताचीं खाचरें, आणि कुंडलिकेच्या पलीकडे मुरूड-रोहे तालुक्यांत 1986 सालीं अभयारण्य झालेलें फणसाडचें जंगल. पाऊस स्थिरावला कीं या मुलखांत पेव, रानहळद, कळलावी, तेरडा यांचा बहर एकामागून एक येतो. कोंकणांत अनेक घरीं तेरड्याचीं रोपें आणून तींच गौर म्हणून पूजितात. कळलावीच्या फुलास तर 'गौरीचे हात' असेंच नांव आहे. ही गौर पहिल्या दिवशीं येते, दुसऱ्या दिवशीं जेवते आणि तिसऱ्या दिवशीं जाते. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आपण चंचलपणाची निंदा करण्यासाठीं वापरतों; परंतु ज्या घरांत तेरडाच देव होतो, तेथें तीन दिवस हा कांहीं उणेपणा ठरत नाहीं.

पेणचे मूर्तिकार वर्षभर खपून गणपति घडवितात, ते अखेर पाण्यांत सोडण्यासाठीं. याच पेण तालुक्यांतील गागोदें गांवीं 1895 सालीं विनोबा भावे जन्मले. आजोबांच्या घरचा गणपति बसविण्याच्या आणि बोळविण्याच्या विधींतून अनासक्तीचा धडा लहानपणींच मिळाल्याचें त्यांनीं पुढें सांगितलें आहे. तात्पर्य, सुंदर वस्तु आणावी, तिची मनोभावें सेवा करावी आणि वेळ येतांच तिला निरोप द्यावा, ही या मुलखाची जुनी रीत आहे. छायाचित्रकार या रीतीच्या विरुद्ध उभा आहे असें प्रथमदर्शनीं वाटतें. कारण त्यास निरोप द्यावयाचा नसतो.

तथापि एवढ्यावरून त्यास दोषी ठरविणें अन्यायाचें होईल. आपल्या घरांतील वडील बायकांनीं फुलांविषयीं जे नियम पाळले, त्यांत या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. हुंगलेलें फूल देवास वाहूं नये, असा एक नियम आहे. फुलाचा वास घेतल्यानें त्याची पाकळीही हलत नाहीं. तरी त्याचा उपभोग झाला, तें उष्टें झालें, असें मानलें. पण पाहिलेलें फूल उष्टें झालें असें कोणीही मानलें नाहीं. डोळ्यांचा आनंद हा एकच उपभोग असा कीं, तो घेतल्यानें दुसऱ्याच्या वांट्याचें कांहीं कमी होत नाहीं. छायाचित्र हें पाहण्याचेंच लांबलेलें रूप असेल, तर त्यास या घरगुती धर्मशास्त्राची हरकत नसावी.

परंतु तें निव्वळ पाहणें राहतें काय? डोळ्यामागून हात येतो आणि हातामागून पाय. उजेड नीट पडावा म्हणून शेजारची डहाळी मोडली जाते; दंवाचा भास व्हावा म्हणून पाकळीवर पाणी शिंपडलें जातें; एक ठसठशीत फूल साधण्याच्या नादांत पायाखालच्या दहा बारीक फुलांचा चेंदा होतो. सातारा जिल्ह्यांतील कास पठार 2012 सालीं पश्चिम घाटांतील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादींत गेलें; तेथें लोटणारी गर्दी आवरण्यासाठीं प्रवेशशुल्क आणि येणारांच्या संख्येस मर्यादा घालावी लागली. त्या गर्दींतील बहुतेकांनीं फूल तोडलें नसेल. 'सीतेची आसवें' हें तेथील इवलेंसें निळें फूल तोडणाराच्या हातापेक्षां पाहणाराच्या पायाखालीं येण्याचेंच भय अधिक. म्हणून ज्या जागीं दुर्मिळ फूल सांपडलें, ती जागा जगजाहीर न करणें हें या छंदांतील पहिलें सत्कर्म होय, असें आम्ही समजतों.

यापेक्षांही सूक्ष्म हानि आहे ती खुद्द दृष्टीची. कळलावीचें फूल उमलतांना हिरवट असतें, मग पिवळें होतें, मग नारिंगी आणि शेवटीं लालभडक. लालभडक फुलाचें चित्र घेऊन जो परतला, त्याला फुलाची एक घटका मिळाली. फूल मिळालें असें म्हणतां येत नाहीं. दुसरें असें कीं, ज्याचें चित्र चांगलें येत नाहीं तें हळूहळू दिसेनासेंच होतें. भात निसवल्यावर त्याच्या लोंबींतील बारीक फुलें दिवसाच्या पूर्वार्धांत तासाभरापुरतीं उघडतात, त्यांतून परागकण गळतात आणि फूल पुन्हां मिटतें. साऱ्या तालुक्याचें वर्षाचें अन्न त्या तासांवर अवलंबून असतें. पण बांधावरच्या तेरड्यासाठीं गुडघे टेकणाऱ्या किती जणांनीं मान वळवून खाचरांतलें तें फूल पाहिलें असेल? सौंदर्याची निवड करतां करतां जगाचा मोठा भाग गाळून टाकण्याची संवय लागणें, हा या छंदांतला खरा धोका आहे.

उलट बाजूही तितक्याच आग्रहानें मांडली पाहिजे. छायाचित्रणाची कला आणि वनस्पति यांचा संबंध प्रारंभापासूनचा आहे. इंग्लंडांत टॅल्बट यांनीं आपल्या आरंभीच्या प्रयोगांत पानेंफुलेंच कागदावर उमटविलीं. 1843 सालीं अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनीं पाणवनस्पतींच्या निळ्या छायाचित्रांचें पुस्तक काढण्यास सुरुवात केली. आपल्याकडे 1854 सालींच मुंबईस छायाचित्रणाची संस्था निघाली. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळांत प्रसिद्ध करणारे थिओडोर कुक हे मूळचे रेल्वेचे इंजिनिअर; आणि 2001 सालीं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हें सचित्र पुस्तक देणारे पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर हेही इंजिनिअरच. रोहें ज्यांस आपलें म्हणतें ते चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. पण त्यांनीं केंब्रिजला 1917 सालीं वनस्पतिशास्त्राचें पारितोषिक मिळविलें होतें, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. फुलांच्या ज्ञानाचा बराच मोठा भाग अशा लोकांच्या हौसेवर पोसला आहे. ज्या छायाचित्राखालीं फुलाचें नांव, ठिकाण आणि तिथि लिहिली आहे, तें चित्र म्हणजे लुटीचा माल नसून दिलेल्या लक्षाची पोंच आहे. आणि रोप न उपटतां अशी पोंच मिळणें ही लहान गोष्ट नव्हे.

पूर्वी एका गुंडाळींत छत्तीसच चित्रें निघत, तेव्हां कळ दाबण्यापूर्वीं मनुष्य क्षणभर थांबे. आतां मोबाइलनें ती मर्यादा उठविली. जो संयम यंत्र शिकवीत होतें, तो मनानेंच पाळला पाहिजे. त्यासाठीं एक साधी कसोटी आम्ही सुचवितों. दिवसभर हिंडून घेतलेलीं सारीं चित्रें घरीं येतांच नाहींशीं झालीं, तर तो दिवस व्यर्थ गेला असें वाटेल काय? वाटत असेल, तर आपण फुलांकडे गेलों नव्हतों, चित्रांकडे गेलों होतों. थोडें वाईट वाटूनही पुढच्या आठवड्यांत तोच बांध पुन्हां पाहावयास जावेंसें वाटलें, तर हा छंद गौरीच्या पूजेहून फारसा वेगळा नाहीं. तीन दिवसांच्या पाहुणीचें रूप नीट न्याहाळून ठेवणें, हा तिला थांबवून धरण्याचा हट्ट नव्हे. पुढील भाद्रपदांत ती येईल तेव्हां तिला नांवानिशीं ओळखतां यावें, एवढ्यासाठींच ती आठवण राखावयाची.