आगवाल्यांचं ऋण

हातखंब्याच्या तिठ्यावरून रत्नागिरीकडे वळलं की पुढे बंदर लागतं. आसपासच्या गावांतली कितीतरी माणसं इथून आगबोटीने मुंबईला गेली. त्यातली काही गोदीतून थेट परदेशी जहाजांवर चढली. घरी त्यांच्याविषयी एवढंच ऐकू येतं : "आजोबा बोटीवर होते."

फौजेत गेलेल्यांचा निदान फोटो भिंतीवर असतो. त्यांचीही कदर धडपणे झाली असं नाही. 1917 मध्ये उभारलेली 111 महार पलटण 1921 मध्ये मोडून टाकली. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 साल आणि दुसरं महायुद्ध यावं लागलं. गणवेश घातलेल्यांची ही गत, तर बिनगणवेशाच्यांना कोण विचारणार?

त्या काळातल्या अनेक बोटी कोळशावर चालत. कोयलावाला बंकरमधून कोळसा ओढून आणी, आगवाला तो भट्टीत टाकी, राख उपसे. चार-चार तासांच्या पाळ्या आणि अंग भाजणारी उष्णता. युद्धात त्यात आणखी एक जोखीम आली. चिमणीतून काळा धूर निघाला की दूरवरच्या पाणबुडीला अख्ख्या ताफ्याचा माग लागे. म्हणून वाफेचा दाब टिकवायचा, पण धूर होऊ द्यायचा नाही. हातात शस्त्र नसलेला हा माणूस शेकडोंचं रक्षण करत होता, तेही पाण्याच्या पातळीखाली उभं राहून. टॉर्पेडो तिथेच लागला, तर वर यायला वेळ मिळत नसे.

ते युद्ध इंग्रजांचं होतं, ही माणसं पोटासाठी गेली, असं कुणी म्हणेल. खरं आहे. गोऱ्या खलाशाच्या तुलनेत पगारही फार कमी. म्हणून 1939 मध्ये हिंदी खलाशांनी संप केले, तुरुंगही भोगला. पण जिवावर बेतलेलं काम पोटासाठी पत्करलं म्हणून त्याचं मोल कमी होत नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे 6,600 हिंदी खलाशी मेले. घरच्या बंदरातही मरण होतं : 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेली 'फोर्ट स्टिकिन' फुटली. शेकडो माणसं गेली, अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. देशभरात दरवर्षी 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात, तो त्यांच्याच स्मरणार्थ.

पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. आपल्यातले किती जण तिथे गेले असतील? आपण ज्यांना विसरलो, त्यांना परक्यांनी तरी का आठवावं?

तुमच्या घरातलं कुणी त्या काळी बोटीवर असेल, तर वडीलधारी माणसं हयात आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. पूर्ण नाव, गाव, बोटीचं नाव, काम आणि साल लिहून ठेवा. तो माणूस युद्धात मेला असेल, तर राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या नोंदींत त्याचं नाव शोधा आणि सापडलं तर ग्रामपंचायतीलाही कळवा.