कापूस कधी बाटतो?

आपल्या खामगाव-मलकापूरकडं कापूस येचायला बाया जातात. वाळकं बोंड बोटं सोलतं, मजुरी किलोवर. त्यात आपल्या वस्तीतल्या मायबहिणी पुष्कळ. त्यांनी येचलेला कापूस बाटला म्हणून कुण्या शेतकऱ्यानं फेकून दिल्याचं मी तरी ऐकलं नाही. जिनिंगमध्ये सरकी निघे, प्रेसमध्ये गाठ बांधली जाई, आणि वऱ्हाडातल्या अशा गाठी मुंबईला जात.

तिथं मात्र हाच कापूस बाटत होता. गिरणीच्या विणकाम खात्यात पगार बरा, आणि त्याच खात्यात अस्पृश्याला मज्जाव. का, तर धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, आणि महाराच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. अडवणारा मालक नव्हता, शेजारचा मजूरच होता! शेतात सोवळा असलेला कापूस पगार वाढला की ओवळा. याला धर्म म्हणावं की हिशेब?

कॉम्रेड सांगतात, पाया आर्थिक, जात हा वरचा इमला. पाया हलला की इमला आपोआप पडेल. पण इथं तर इमलाच पगार ठरवत होता. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी विणकाम खात्याचा सवाल लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं टाकला, तेव्हा कुठं नाखुशीनं तो मागण्यांत आला.

म्हणून लाल झेंडा दिसला की तोंड फिरवायचं, हेही मला पटत नाही. ७ नोव्हेंबर १९३८ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीनं उतरला. बाबासाहेबांना १९२८ आठवत नव्हतं थोडंच! पुढं मार्क्स की बुद्ध या भांडणात १९७४ला पँथर फुटली. त्या भांडणात येचणीच्या दराचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही.

जो आपल्याला पंगतीला घेत नाही त्याच्या लढ्यात आपण जावं काय? माझ्या मते जावं. दर पडला तर त्याच्या आधी आपल्या मायची भाकर जाते. पण आपली मागणी क्रांतीनंतरच्या खात्यावर मांडून जाऊ नये. येचणीचा दर वाढवा, ही पहिली ओळ. त्याच कागदावर दुसरी ओळ, शेतात पाण्याचा माठ एकच. दुसरी ओळ पुढच्या सभेला घेऊ म्हणणारा कुणी निघालाच, तर सभा तिथंच थांबवावी अन् आधी त्यावर बोलावं.