बारदान

हळदीचे सौदे निघाले की सांगलीच्या मार्केट यार्डात आप्पांना जेवायलाही सवड मिळत नसे. आप्पा मापाडी. पोतं काट्यावर चढलं की आकडा वाचायचा, बारदानाचं वजन वजा करायचं आणि उरेल ते लिहायचं. शेतकऱ्याला वाटायचं वजावट जास्त झाली, व्यापाऱ्याला वाटायचं कमी झाली. दोघंही कुरकुरले म्हणजे माप बरोबर, असं आप्पा म्हणत.

थोरला मुलगा बारावी झाला. सीईटीत पर्सेंटाइल नव्वदच्या थोडं वर आलं, आणि घरात पेढ्यांपाठोपाठ पंचाईतही आली. आणखी चांगलं पडलं असतं तर विश्रामबागेतलं 1947 सालचं वालचंद होतंच, घरून सायकलनं जाता आलं असतं. अगदीच कमी पडलं असतं तर निवडायला काही उरलंच नसतं. ओढाताण होते ती मधल्या पोरांची.

पुण्याच्या मामांनी फोनवरच निकाल लावला. "दाजी, नाव बघा नाव! चार लोकांत सांगितलं तर ओळखलं पाहिजे." त्यांनी सुचवलेलं कॉलेज अभिमत विद्यापीठाचं, शाखा कॉम्प्युटर, प्रवेश सरकारी कॅप फेऱ्यांच्या बाहेरून. फी वर्षाला चार लाख, राहणं-खाणं दीड लाख. आईनं बोटांवर मोजलं, चार वर्षांचे बावीस लाख.

दुसरं कॉलेज घरापासून दहा किलोमीटरवर. त्यांचा माणूस घरीच येऊन बसला. "खिशातून काही भरू नका. स्कॉलरशिप येईल तेवढ्यात भागवू, वर पोराला लॅपटॉप."

तिसरं कराडचं शासकीय अभियांत्रिकी, 1960 सालचं. तिथं इलेक्ट्रिकल मिळेल असा अंदाज होता. इलेक्ट्रिकल म्हटल्यावर पोराचं तोंड उतरलं.

आप्पांनी सुट्टी टाकली आणि पोराला घेऊन तिन्ही कॉलेजं बघायला निघाले.

पुण्यात वातानुकूलित हॉलमध्ये बसवून चहा दिला. भिंतीवर पुरुषभर उंचीचा फलक, त्यावर एका मुलीचा फोटो आणि खाली 'चव्वेचाळीस लाखांचं पॅकेज'. आप्पांनी तो निरखून बघितला.

"ही एक झाली. ह्या शाखेतली सगळी पोरं पगाराच्या ओळीनं उभी केली, तर मधल्याला किती?"

समुपदेशक हसला. "सरासरी नऊ लाख आहे, काका."

"सरासरी न्हाई, मधला. ह्या चव्वेचाळीसवालीला बाजूला काढली की तुमची सरासरी खाली येतीया."

समुपदेशकानं माहितीपुस्तिका पुढं सरकवली. पण पोरगं मोबाइलवर शोधू लागलं होतं. एनआयआरएफच्या क्रमवारीसाठी कॉलेजं जी माहिती भरतात, त्यात हा मधल्याचा पगार द्यावा लागतो. या कॉलेजचा निघाला सहा लाख. तोही नोकरी लागलेल्यांमधला मधला. ज्यांना लागलीच नाही ते त्या ओळीत उभेच नव्हते.

"आणि ही पोरगी," जाता जाता आप्पांनी विचारलं, "हिला बारावीला किती होतं?"

ते कुणाला ठाऊक नव्हतं. आप्पांना मात्र तेच हवं होतं. काट्यावर दिसतं त्यातलं पोरीनं येतानाच आणलेलं किती आणि कॉलेजनं घातलेलं किती, हे कळल्याशिवाय ते आकडा लिहायला तयार नव्हते.

जवळच्या फुकट कॉलेजात फार वेळ लागला नाही. प्रयोगशाळेतल्या यंत्रांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. एकच सर तीन विषय शिकवत होते. भेटलेला विद्यार्थी खुशीत म्हणाला, "इथं हजेरीचं टेन्शन नाही." तिथून बाहेर पडताना आप्पा चिडले होते. फी माफ असली तरी पोराची चार वर्षं परत कोण देणार, असं काहीसं ते पुटपुटत होते.

कराडला यंत्रशाळेत जतकडचा एक विद्यार्थी मोटरच्या जोडण्या करत बसला होता. इथं प्रश्न पोरानं विचारले, आप्पा गप्प राहिले. जतच्या पोरानं काही झाकलं नाही. मेसचं जेवण बेकार. एका विषयात तो स्वतः गचकला होता. इलेक्ट्रिकलच्या खास कंपन्या थोड्याच येतात, पण आयटीवाल्या कोणत्याही शाखेचं पोरगं घेतात, कोडिंग मात्र आपलं आपण शिकावं लागतं. सांगता सांगता त्यानं मोटर चालू केली आणि वेग बदलून दाखवला. पोरगं तिथं तासभर रेंगाळलं.

नावाला किंमत नसते असं मी म्हणणार नाही. मोठ्या कंपन्या ठरावीक आवारांतच पाय ठेवतात, आणि हुशार पोरांच्या संगतीत साधं पोरगंही सुधारतं. आप्पांनीसुद्धा नाव शून्यात धरलं नव्हतं. पर्यायांच्या अर्जात पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय पहिल्या दोन ओळींत होती, लागणार नाहीत हे माहीत असूनही. पहिलं 1854 सालचं, दुसरं 1887 सालचं, आणि दोन्ही त्या पुणेरी अभिमत विद्यापीठापेक्षा कितीतरी स्वस्त. सांगलीच्याच वसंतदादांनी 1983 मध्ये विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. त्यामुळे खेड्यापाड्यांतली हजारो पोरं इंजिनिअर झाली, हे खरंच. पण जितकी फी जास्त तितकं कॉलेज भारी, ही समजूतही त्यानंतरच घट्ट झाली.

मग बँक. साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं तर तारण द्यावं लागेल, असं साहेबांनी सांगितलं. तारणाला होतं ते राहतं घर. वीस लाख, दहा टक्के, दहा वर्षं म्हणजे महिना सव्वीस हजारांच्या वर हप्ता. शिकतानाच्या वर्षांचं व्याज वेगळं. सहा लाखांच्या नोकरीत महिन्याला फार तर पंचेचाळीस हजार हातात येणार, त्यातून पुण्याची खोली आणि डबा. उलट कॅपमधून शासकीय कॉलेजात गेलं आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की मुलांना शिक्षणशुल्क निम्मं माफ. मुलींना तर 2024 पासून पूर्ण माफ, हे ऐकून आठवीतली धाकटी उगाच ऐटीत फिरू लागली.

पहिल्या फेरीत कराड लागलं नाही. कोल्हापूरकडचं, अर्जात बरंच खाली टाकलेलं एक खासगी कॉलेज लागलं. त्याच संध्याकाळी मामांचा फोन आला, "उद्या पाचच्या आत एक लाख भरा, सीट राखून ठेवायला सांगतो." आई म्हणाली, भरून टाका, पोराचं नुकसान नको. आप्पांनाही त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी त्यांनी पोरालाच विचारलं.

पोरगं म्हणालं, "कॉम्प्युटर मला पायजेच हुतं, आप्पा. पण तिथं मी त्या मधल्याच्या वर जाईन का खाली ऱ्हाईन, ते मला आज सांगता येत न्हाई. खाली राहिलो तर हप्ता तुम्हीच भरणार. कराडला कोडिंग मी माझं शिकतो."

एक लाख भरले नाहीत. पुढच्या फेरीसाठी थांबायचं ठरलं. ते दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही, कारण त्या फेरीतही कराड हुकलं असतं तर आप्पांच्या हिशेबाला कुणी विचारलं नसतं.

दुसऱ्या फेरीत कराड इलेक्ट्रिकल लागलं.

मामा रागावले होते. "दाजी, आता लोकांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"कराड सांगा की पाव्हणं. बरं, ठेवतो आता. तहसीलला उत्पन्नाच्या दाखल्याची रांग लागलीया, आणि आज शनवार असून हापीस उघडं हाय म्हणत्यात."